गोंडवाना विद्यापीठात नव्याने येताय? गडचिरोलीतलं पहिलं वर्ष मार्गी लावण्यासाठी

गोंडवाना विद्यापीठाची स्थापना २७ सप्टेंबर २०११ ची. नागपूर विद्यापीठापासून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून ते उभं राहिलं. पदव्युत्तर विभाग गडचिरोली शहरातच आहेत. वर्गात मुलं कमी असतात, प्राध्यापक नावाने ओळखतात, कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर असतं. एवढं सगळं जवळ असूनही इथे वर्ष वाया जातं, आणि ते बहुतेक वेळा एखाद्या कागदापायी. म्हणून या लेखात कागदांवर जास्त भर आहे. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या सरकारी विद्यापीठात जात असाल, तर गावांची नावं बदला. बाकीचं बरंचसं तिथेही लागू पडेल.

घरून निघण्याआधी

एक जाड फाईल घ्या आणि त्यात मूळ कागद या क्रमाने लावा: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला, जात वैधता असेल तर ती, इतर मागास किंवा भटक्या-विमुक्तांपैकी असाल तर नॉन-क्रिमिलेअर, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक. मध्ये एखादं वर्ष शिक्षण सुटलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स आणि दहा फोटो. टीसी आणि स्थलांतर प्रमाणपत्र प्रवेशाच्या वेळी कार्यालय ठेवून घेतं आणि ते परत मिळत नाही, म्हणून त्यांचं रंगीत स्कॅन आधीच करून ठेवा.

पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल (वर्धा-भंडाऱ्याची मुलं नागपूर विद्यापीठातून येतात, यवतमाळची अमरावतीतून) तर स्थलांतर प्रमाणपत्र लागतंच. त्याचा अर्ज अंतिम सत्राचा निकाल लागला की लगेच करा. ते नसेल तरी प्रवेश बहुधा तात्पुरता मिळतो. पण हे प्रमाणपत्र देऊन पात्रता पूर्ण केली नाही की पहिल्या सत्राचा निकाल राखून ठेवला जातो, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येतं ते निकालाच्या दिवशी.

दुसरं काम नावाचं. दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव ज्या क्रमाने आणि ज्या स्पेलिंगने छापलंय, ते प्रमाण धरा आणि आधार, बँक खातं, जातीचा दाखला त्याच्याशी जुळवा. आधारमध्ये दुरुस्ती करायची असेल तर गावाकडेच करून या. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रात नावबदल झाल्याशिवाय विद्यापीठाच्या अर्जात नवं नाव घालू नका. अर्जात एक नाव आणि गुणपत्रिकेवर दुसरं, असं झालं की पुढची दोन वर्षं प्रत्येक खिडकीवर खुलासा देत बसावं लागतं.

डिजिलॉकरमधून एबीसी म्हणजे श्रेयांक (क्रेडिट) बँकेचा क्रमांक काढून घ्या. हा बारा अंकी क्रमांक (यालाच अपार असंही म्हणतात) परीक्षेच्या अर्जात लागतो. त्यासाठी आधारला चालू मोबाईल जोडलेला हवा. जुनं सिम बंद पडलं असेल तर ओटीपी येत नाही आणि काम तिथेच अडतं.

पोहोचायचं कसं

गडचिरोली शहरात रेल्वे नाही. जिल्ह्यातलं मुख्य स्टेशन वडसा, म्हणजे देसाईगंज. ते गोंदिया-बल्लारशा मार्गावर असून शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर आहे. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांना नागपूर किंवा चंद्रपूरला उतरून एसटी धरणं सोयीचं. नागपूरहून अंतर सुमारे १७० किलोमीटर, उमरेड-नागभीड-ब्रह्मपुरी-आरमोरी मार्गे. साडेचार-पाच तास धरून चला. चंद्रपूरहून सुमारे ८० किलोमीटर.

प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात, म्हणजे ऐन पावसात. गोसीखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगा फुगते आणि नाल्यांवरून पाणी जाऊन रस्ते बंद होतात. जिल्ह्याच्या दक्षिणेकडून येणाऱ्यांची अडचण त्याहून मोठी: पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद पडल्याची बातमी जवळपास दरवर्षी येते, आणि सिरोंचा तर दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. म्हणून कागदपत्र पडताळणीची तारीख असेल तर दोन दिवस आधी शहरात पोहोचा. रस्ता बंद होता म्हणून मुदत वाढवून द्या असा अर्ज करता येतो, पण त्यावर निर्णय होईपर्यंत यादी पुढे सरकलेली असते.

महिलांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांना मासिक पास एक-तृतीयांश भाड्यात मिळतो. बोनाफाईड, आधार आणि फोटो घेऊन आगारात जा. पास साध्या बसचा असतो, चढण्याआधी पाटी बघा.

राहणं आणि जेवण

आधी सरकारी वसतिगृह बघा. समाजकल्याणचं, आदिवासी विकासचं आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागाचं अशी वसतिगृहं वेगवेगळी आहेत, अर्जही वेगळे आणि तारखाही वेगळ्या. विद्यापीठाच्या प्रवेशाची वाट बघत बसू नका; अर्ज सुरू झाल्याची जाहिरात दिसली की भरून टाका. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी स्वयम् आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला जेवण, राहणं आणि निर्वाह मिळून वर्षाला ४३ हजार रुपये असं या योजनांचं स्वरूप आहे. शहरातच घर असलेल्यांना ती मिळत नाही. हा पैसा उशिरा येतो आणि हप्त्याने येतो, त्यामुळे पहिल्या चार महिन्यांच्या भाड्याची तजवीज घरूनच करून ठेवा.

खोली बघताना आरमोरी, चामोर्शी, धानोरा आणि चंद्रपूर रस्ते जिथे मिळतात त्या इंदिरा गांधी चौकापासून सुरुवात करा आणि कॉम्प्लेक्सच्या दिशेने विचारत जा. विद्यापीठ कॉम्प्लेक्स भागात आहे. चौकाजवळ भाडं जास्त पण मेस, झेरॉक्स आणि बसथांबा पायाशी. कॉम्प्लेक्सकडे शांतता आणि विभाग जवळ, मात्र संध्याकाळी सातनंतर काही आणायचं तर सायकल हवी. पैसे देण्याआधी हे विचारा: वीजबिल सब-मीटरवर की डोक्यामागे; पाणी दिवसातून किती वेळ आणि एप्रिल-मेमध्ये किती; अनामत किती आणि परत कधी; सुट्टीत खोली बंद असली तरी भाडं लागतं का. अनामतीची पावती साध्या कागदावर का होईना, घ्या. भाडेकरूची पोलीस ठाण्यात नोंद करायची असते. घरमालक विसरला तर आठवण करून द्या, पुढे चारित्र्य पडताळणीच्या वेळी ती उपयोगी पडते.

मच्छरदाणी पहिल्याच दिवशी विकत घ्या. गडचिरोली हा राज्यातल्या सर्वाधिक हिवतापाच्या जिल्ह्यांपैकी एक आहे आणि इथे फॅल्सिपेरम जातीचा, मेंदूपर्यंत जाणारा हिवतापही होतो. थंडी वाजून ताप आला की मेडिकलमधून गोळी घेऊन झोपू नका. सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी मोफत होते, त्याच दिवशी करा. औषधाचा कोर्स पूर्ण घ्या, ताप उतरला म्हणून मध्येच सोडू नका.

उन्हाळ्यात कुलरशिवाय निभत नाही. जुना कुलर घेताना पत्र्याचा असेल तर अर्थिंग आहे का ते आधी तपासा. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. ओल्या हाताने चालू कुलरच्या टाकीत पाईप सोडताना शॉक बसून माणसं दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. वीज गेली असताना पाणी भरायला घेतलं आणि मध्येच वीज आली, हेही घडतं; प्लग काढलेला असला तर भीती नाही.

मेस लावताना दराइतकंच खाड्याचं विचारा. किती दिवस सलग बाहेर गेलात तर खाडा धरतात, किती आधी सांगावं लागतं, आणि महिना तीस दिवसांचा की साठ ताटांचा. सणासुदीला घरी जाणाऱ्याला साठ ताटांची मेस परवडते. हा सगळा धानाचा पट्टा असल्याने ताटात भात भरपूर आणि पोळ्या मोजून असतात. मराठवाड्याकडून, पश्चिम महाराष्ट्रातून येणाऱ्यांना भाकरी आठवते. जास्तीची पोळी वेगळ्या पैशात मिळते का ते पहिल्या दिवशीच ठरवून घ्या. आगाऊ पैसे एका महिन्याचेच द्या.

शिष्यवृत्ती: सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अकरावीत किंवा पदवीला उघडलेलं खातं असेल तर तेच वापरा. पासवर्ड विसरला म्हणून नवीन खातं काढू नका. आधार एकच असल्याने दुसरा अर्ज अडकतो आणि जुना नूतनीकरणाला दिसत नाही.

क्रम असा ठेवा:

१. एप्रिलनंतरचा नवा उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून काढा. दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीचा जोडला तर अर्ज परत येतो. भारत सरकार शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जाती-जमातींना अडीच लाखांची मर्यादा आहे, तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजनेत आठ लाखांची.

२. आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग' कोणत्या खात्याला आहे ते बघा. याबद्दल थोडं विस्ताराने खाली.

३. प्रत्येक कागद २५६ केबीच्या आत बसवून घ्या. मोबाईलने फोटो काढताना चारही कोपरे आणि शिक्का दिसला पाहिजे.

४. प्रवेशाची पावती, बोनाफाईड आणि वसतिगृहात असाल तर अधीक्षकांचं प्रमाणपत्र जोडा. वसतिगृहात राहून 'डे-स्कॉलर' भरलं तर निर्वाह भत्ता कमी मिळतो. घरी राहून 'होस्टेलर' भरलं तर पडताळणीत अर्ज नामंजूर होतो.

५. अर्ज सादर झाल्यावर प्रिंट काढून विभागात द्या. अर्ज आधी संस्थेच्या लिपिकाकडे, मग संस्थाप्रमुखाकडे, मग जिल्ह्याच्या कार्यालयाकडे जातो. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती बघा. 'सेंड बॅक' दिसलं तर कारण वाचून दुरुस्त करा आणि पुन्हा पाठवा. मेसेज येईल या भरवशावर राहू नका.

आता बँकेचं. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि ते खातं एनपीसीआयवर (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे) नोंदलेलं असणं वेगळं. बँकेतला माणूस "आधार लिंक आहे" म्हणतो, आणि ते खरंही असतं. पण शिष्यवृत्तीचे पैसे एनपीसीआयवर शेवटी नोंदलेल्या खात्यात जातात. सिम घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं आणि पैसे तिथे जाऊन बसतात. अर्जात कोणतं खातं लिहिलंय याने फरक पडत नाही. उपाय सोपा आहे: जे खातं रोज वापरता त्या शाखेत जाऊन डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यावेत यासाठी, आधार सीडिंगचा फॉर्म भरा, पोच घ्या, आठवड्याने पुन्हा तपासा. केवायसी न झालेलं छोटं खातं असेल तर त्यात ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक राहू शकत नाही आणि मोठी रक्कम परत जाते. केवायसी करून ते साधं बचत खातं करून घ्या. वर्षभर व्यवहार नसलेलं खातंही चालू करून घ्या.

७५ टक्के हजेरी शिष्यवृत्तीलाही लागते. वर्ग राहिला आणि त्याच वर्गात पुन्हा बसावं लागलं तर त्या वर्षाची शिष्यवृत्ती सहसा मिळत नाही.

खिडकीवर अर्ज कसा द्यायचा

इथे काम तोंडी सांगून होतं असं वाटतं, कारण सगळे ओळखीचे असतात. तरीही प्रत्येक गोष्ट लेखी द्या. परीक्षेचं काम असेल तर अर्ज 'मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ' यांच्या नावे, शुल्क किंवा वसतिगृहाचं असेल तर कुलसचिवांच्या नावे, आणि दोन्ही 'विभागप्रमुखांमार्फत'. विषय एका ओळीत: 'हिवाळी परीक्षेच्या गुणपत्रिकेतील वडिलांच्या नावाची दुरुस्ती करण्याबाबत'. खाली आपलं नाव, वर्ग, नोंदणी क्रमांक, आसन क्रमांक, मोबाईल. सोबत काय जोडलंय त्याची यादी. एका अर्जात एकच मागणी ठेवा. दोन टाकल्या तर अर्ज दोन टेबलांच्या मध्ये अडकतो.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पुन्हा चौकशीला जाल तेव्हा "मागच्या महिन्यात दिला होता" याऐवजी हा क्रमांक सांगा. कारकून नोंदवही उघडून अर्ज कुणाच्या टेबलावर आहे ते दोन मिनिटांत सांगतो. पंधरा दिवसांत काहीच हालचाल नसेल तर स्मरणपत्र द्या आणि त्यात जुना आवक क्रमांक लिहा. त्यानेही झालं नाही तर विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा, आणि त्यांचा निर्णय पटला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे. रॅगिंगसाठी २४ तास चालणारा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. नाव न सांगताही तक्रार घेतली जाते.

अभ्यासक्रम समजून घ्या

नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ श्रेयांकांची आहे, सत्राला २२. पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे चार, दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्पाचे चार, तिसऱ्यात संशोधन प्रकल्पाचे चार आणि चौथ्यात सहा. पहिल्या वर्षाचे ४४ श्रेयांक पूर्ण करून बाहेर पडलात तर पदव्युत्तर पदविका मिळते.

संशोधन पद्धतीचा पेपर बहुतेक जण पाठ करून उरकतात. तसं करू नका. त्याच सत्रात विषय मनात धरला तर दुसऱ्या सत्राचं क्षेत्रकाम आणि पुढचे दहा श्रेयांक एकाच धाग्यात बसतात. आणि विषयासाठी या जिल्ह्याइतकी समृद्ध जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाले आणि ग्रामसभा स्वतः जंगल सांभाळते. जिल्ह्यातल्या शेकडो गावांचे तेंदू-बांबूचे हिशेब आज ग्रामसभांच्या वहीत आहेत. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य, पर्यावरण, कुठल्याही शाखेला तिथे काम आहे. भाषेत रस असेल तर एका जिल्ह्यात झाडीबोली, गोंडी, माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू आणि चामोर्शी भागात बंगाली कानावर पडते.

क्षेत्रकामाची वाट मात्र ठरलेली आहे. विभागाचं पत्र घ्या. गावात पहिल्या दिवशी प्रश्नावली काढू नका. ग्रामसभेच्या अध्यक्षांना आणि गावच्या पुजारी-भूमियांना भेटून काय करायचंय ते सांगा, सभा कधी आहे ते विचारा आणि सभेत परवानगी मागा. माडिया-गोंडी गावात भाषा येणारा वर्गमित्र सोबत हवा. मे महिना तेंदूपत्त्याचा, जुलै रोवणीचा. त्या दिवसांत घरी कुणी भेटत नाही. परत आल्यावर अहवालाची एक प्रत गावाला द्या. ती न देता गायब झालेल्या मुलांमुळे पुढच्या वर्षीच्या मुलांना गाव दार उघडत नाही.

मराठी माध्यमातून शिकणाऱ्यांना पारिभाषिक शब्द अडतात. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश दोन्ही मोफत ऑनलाइन आहेत. शोधगंगावर जुने प्रबंध मिळतात. प्रश्नपत्रिकांचे मागचे संच ग्रंथालयात मागा, त्यातून गाईडपेक्षा जास्त कळतं.

परीक्षा

इथे 'हिवाळी' आणि 'उन्हाळी' अशा परीक्षा म्हणतात. अर्ज भरताना विषयांचे कोड अभ्यासक्रमाशी ताडून बघा, माध्यमाचा रकाना तपासा आणि शुल्क कापलं गेल्यावर पावती निघाली का ते बघा. पैसे खात्यातून गेले पण पावती निघाली नाही, असं झालं तर दुसऱ्यांदा भरण्याआधी व्यवहार क्रमांक घेऊन परीक्षा विभागात जा. अंतर्गत गुणांची यादी विभागाने पाठवण्यापूर्वी सूचना फलकावर लावायला विनंती करा. गैरहजर अशी चुकीची नोंद तिथेच सापडते. निकालानंतर ती दुरुस्त करायला महिने जातात.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत लावायचा प्रयत्न आणि ४५ दिवसांच्या आत तो लागलाच पाहिजे, अशी तरतूद आहे. गुण अनपेक्षितपणे कमी असतील तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा. तिच्यावर तीन गोष्टी बघा: एखादं उत्तर न तपासता सुटलंय का, आतले गुण मुखपृष्ठावर नीट उतरलेत का, पुरवणी जोडलेली आहे का. मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरा. दोन्हींची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, गुणपत्रिका हातात आल्यापासून नाही. छायाप्रतीची मुदत हुकली तरी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून स्वतःची उत्तरपत्रिका मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये तो हक्क मान्य केला आहे. त्याने गुण बदलत नाहीत, पण चूक कुठे झाली ते दिसतं.

वर्गाबाहेर

छोट्या विद्यापीठाचा मोठा फायदा इथे आहे. संशोधनाच्या 'आविष्कार'ला, युवक महोत्सव 'इंद्रधनुष्य'ला आणि क्रीडा महोत्सव 'अश्वमेध'ला विद्यापीठाचा संघ जातो, आणि स्पर्धक कमी असल्याने पहिल्या वर्षीच्या मुलालाही खरी संधी असते. विद्यार्थी विकास विभागात सप्टेंबरच्या आत नाव नोंदवा. 'कमवा आणि शिका' योजनेत तासांप्रमाणे मानधन मिळतं. जागा मोजक्याच असतात. दिवाळीनंतर वडशाहून झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागाची, नाटकं गावोगाव निघतात. रात्रभर चालतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळची तासिका नाही हे बघून जा.

शेवटच्या सत्रात

चारही सत्रांच्या गुणपत्रिका एकत्र ठेवून नावाचं स्पेलिंग पुन्हा बघा. चूक असेल तर पदवी छापण्याआधी दुरुस्त करा, छापल्यावर दुसऱ्या प्रतीचं शुल्क पडतं. ग्रंथालय, विभाग, वसतिगृह आणि प्रयोगशाळा यांची ना-देय प्रमाणपत्रं एकाच दिवशी फिरून घ्या. वसतिगृहाची आणि ग्रंथालयाची अनामत परत मागण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, मूळ पावतीसह. तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र निकाल लागताच काढा, कारण नोकरीच्या पडताळणीला आणि पीएचडीच्या प्रवेशाला ते मागतात. दीक्षान्ताचा अर्ज वेगळा असतो आणि त्याची सूचना संकेतस्थळावर लागते. तोवर तुम्ही गावी गेलेले असाल, तेव्हा विभागातल्या एखाद्या कनिष्ठ मित्राला लक्ष ठेवायला सांगून जा.